वरची भाकरी

वेबसाइट काढायची, हे ठरायला त्या घराला पाच मिनिटं लागली. ती निळ्या रंगाची असावी, हे ठरायला त्याहूनही कमी. एवढं एकमत त्या घरात याआधी एकदाच झालं होतं, सुमनबाईला दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा. आणि तेव्हा उशीर झाला होता.

रविवारी सकाळी दहाला सगळे आळंदच्या घरी पुढच्या खोलीत जमले. फरशीवर मोठा पांढरा कागद पसरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर शेंगाचटणीच्या चार बरण्या ठेवल्या होत्या. कागदाशी पेन्सिल घेऊन मैत्रेयी बसली होती. मारोतीची ही पुतणी कडगंचीला विद्यापीठात कॉम्प्युटर शिकत होती. साइट तीच करून देणार होती, पण तिची एक अट होती. तिच्या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय ती कॉम्प्युटर उघडणार नव्हती.

"आधी ठरवायचं, मग रंगवायचं," ती म्हणाली. "घर बांधायच्या आधी नकाशा काढतेत की न्हाई, काका? तसंच."

मारोतीनं मान हलवली. त्याचं घर नकाशाशिवाय बांधलेलं होतं. त्याचा जिना गच्चीच्या दीड हात अलीकडंच संपत होता, आणि उरलेला दीड हात गेली वीस वर्षं सगळे उडी मारून चढत होते.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन चुली होत्या. तिथं ज्वारीच्या कडक भाकरी व्हायच्या, पापडासारख्या पातळ, वर तीळ, महिनाभर टिकणाऱ्या. अठरा वर्षांपूर्वी सुमनबाईनं एका तव्यावर सुरुवात केली होती. मारोती तेव्हा एसटीत कंडक्टर होता. भाकरीचं पार्सल तो आपल्या गाडीतून पोचवायचा, आणि रिटायर झाल्यावर दुसरे कंडक्टर पोचवायला लागले. आता तव्यापुढं त्याची सून पंचशीला बसायची, सोबतीला शेजारची गंगव्वा. सुमनबाईला जाऊन आठ महिने झाले होते.

सुमनबाईचा बटणांचा फोन मारोतीच्या खिशात असायचा. गिऱ्हाइकं त्याच नंबरवर फोन करायची. मारोती उचलायचा, किती भाकरी ते वहीत लिहायचा, आणि कुणी "सुमनबाई कुठंय" विचारलं की म्हणायचा, "बाहेरगावी गेलीय." ती वारल्याचं त्यानं एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी तो विहारात पंचशील म्हणायचा. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेवढं म्हणताना तो आवाज उतरवायचा.

आज त्याला एकच भीती होती. साइटवर सुमनचं नाव कुठं येईल आणि कसं येईल.

त्याचे थोरले भाऊ धम्मानंद, म्हणजे मैत्रेयीचे वडील, घरातले अण्णा, कलबुर्गीहून पहिल्या गाडीनं आले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक. जन्मनाव धोंडिबा, नोकरी लागल्यावर अर्ज करून धम्मानंद झाले. मारोती मारोतीच राहिला, कारण अर्ज कुठं करायचा ते अण्णांनी त्याला सांगितलं नाही. अण्णांनी पिशवीतून एक फाइल काढली.

"मी मसुदा करून आणलाय," ते म्हणाले. "उगंच वेळ जायला नको."

मैत्रेयीनं तो घेतला, वाचला आणि वडलांकडं बघितलं. "पप्पा, ही पत्रिका हाय."

"कसली पत्रिका?"

"लग्नाची."

होतीही तशीच. मारोतीच्या पोराच्या, अमरदीपच्या लग्नाची पत्रिका समोर ठेवून अण्णांनी ती उतरवली होती. घरात आजवर जे काही चारचौघांसाठी लिहिलं गेलं ते पत्रिकेसारखंच लिहिलं गेलं होतं. वर तथागतांचं चित्र. खाली 'आमचे प्रेरणास्थान, आयु. धम्मानंद'. मग कार्यवाहक, मग व्यवस्थापक, मग स्वागतोत्सुक म्हणून चुलत-मावस धरून एकवीस नावं. अगदी शेवटी चौकटीत, 'कालकथित सुमनबाई यांच्या स्मृतीस अभिवादन'.

मारोतीनं 'कालकथित' हा शब्द लांबूनच वाचला. त्याचा हात खिशातल्या फोनवर गेला.

"ह्यात भाकरी कुठाय, पप्पा?"

"भाकरी मागाहून घालता येती. माणसं राहिली तर रुसतेत."

"आई तळाला?" अंजूनं विचारलं. ही मारोतीची लेक, उमरग्याला दिलेली. भावाकडं ती राखीला येत नसे, पण आज पहिल्या गाडीनं आली होती. "जिनं धंदा काढला ती तळाला, आन् ज्यांनी कधी पीठ चाळलं न्हाई ते वर?"

"पोरी, मी मार्गदर्शन केलंय."

"कवा, मोठे अप्पा?"

"वेळोवेळी."

अमरदीपला यातलं काहीच मान्य नव्हतं. बसस्टँडसमोर त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि धंदा कसा दिसायला पाहिजे ते फक्त आपल्याला कळतं असं त्याचं मत होतं. "नाव पायजे 'ए. एम. फूड्स'," तो म्हणाला. "सुमनबाई, गंगूबाई हे आता चालत न्हाई. आन् आईचा फोटो नको. हार घातलेला फोटो बघून कोण भाकरी खाईल?"

"आईचा फोटो बघून तुला जेवण जाईना झालंय का?" अंजू म्हणाली.

"तू धंद्यातलं बोलू नको. तू उमरग्याची."

"ए. एम. म्हंजे काय रे? अमरदीप मारोती! आईनं तवा तापवला, ह्यानं नाव तापवलं."

"अंजू, बाजारातल्या तुरी अजून बाजारातच हायत," मारोती म्हणाला. "भांडू नका."

दाराच्या चौकटीशी पंचशीला उभी होती, हाताला पीठ. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती. तिच्या मागं सोप्यात भाकरीच्या चवडी लावून ठेवल्या होत्या, एकेका चवडीत वीस.

मैत्रेयीनं कागदावर एक चौकोन काढला. "नावं ऱ्हाऊ द्या. पयला प्रश्न सांगा. हितं कोण येणार?"

"सगळं जग येणार," अण्णा म्हणाले. "अमेरिकेतलाही माणूस येईल."

"अमेरिकेतला माणूस पार्सल कसं सोडवून घेईल?"

सगळे मारोतीकडं बघायला लागले. मारोतीनं विचार केला. "अक्कलकोट गाडीत डाव्या बाजूची शेवटची सीट. कंडक्टरला नाव सांगायचं. अमेरिकेला आपली गाडी न्हाई."

मैत्रेयीनं ते लिहून घेतलं. मारोतीला वाटलं आपण काहीतरी चूक सांगितली, पण ती म्हणाली, "आज सकाळपासून हे पयलं खरं उत्तर हाय, काका. आता दुसरा प्रश्न. कडक भाकरी कलबुर्गीत गल्लोगल्ली मिळती. माणसानं आपलीच कामून घ्यावी? आपल्या भाकरीत येगळं काय?"

"गुणवत्ता," अण्णा म्हणाले.

"स्वच्छता," अमरदीप म्हणाला. "आन् पॅकिंग. आपल्या पार्सलात एकसुद्धा मोडकी भाकर नसती. आईच्या पार्सलात एखादी असायचीच, पंचीनं ते लई सुधारलंय. व्हय का न्हाई?"

"न्हाई जात एकबी," दारातून पंचशीला म्हणाली. आठ महिन्यांत घरात कुणी तिची स्तुती केली ती हीच, तीही नवऱ्यानं, आणि मुद्दा जिंकायला.

"लिही," अमरदीप म्हणाला. "'शंभर टक्के अखंड भाकरी'."

मैत्रेयीनं पेन्सिल उचलली नाही. "हे तुम्हाला वाटतंय, दादा. गिऱ्हाइकाला काय वाटतंय? कुणी इचारलंय का एकातरी गिऱ्हाइकाला?"

तेवढ्यात मारोतीच्या खिशात फोन वाजला. रविवारचे अकरा. अक्कलकोटच्या गुरुबाई. त्यांची खाणावळ होती आणि सोमवारच्या गाडीनं त्यांना दहा चवडी लागायच्या. दर रविवारी अकराला त्यांचा फोन यायचा.

मारोती उठून बाहेर जायला लागला.

"हितंच बोला की, काका," मैत्रेयी म्हणाली. "आयतं गिऱ्हाईक आलंय."

तीस वर्षं गाडीच्या आवाजात गेल्यानं मारोतीला कमी ऐकू यायचं. तो फोन कायम स्पीकरवरच असायचा. त्यानं बटण दाबलं आणि गुरुबाईंचा आवाज सगळ्या खोलीत भरला.

"कंडक्टरसाब, उद्याला बारा चवडी द्या. लग्नाचं गिऱ्हाईक हाय. सुमनक्का कुठाय?"

मारोतीनं कागदाकडं बघितलं, बरणीकडं बघितलं.

"अफजलपूरला गेलीय," तो म्हणाला. "सकाळच्या गाडीनं. भैणीकडं. नदीला पाणी आलंय म्हणली, बघून येते."

"बरं केली. भीमा बघावीच. घाई न्हाई म्हणा यायची." फोन बंद झाला.

अंजूनं तोंडाला पदर लावला होता. ती रडत होती का हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. अण्णांनी चष्मा काढला.

"अप्पा," अमरदीप म्हणाला, "आई कुठं गेलीय?"

मारोतीनं फोन खिशात ठेवला.

"किती जणांना सांगितलंव असं?"

"सगळ्यांना."

"मागल्या ऐतवारी उमरग्याला गेल्या हुत्या, अंजूताईकडं," पंचशीला दारातून म्हणाली. "त्याच्या आदल्या ऐतवारी सोलापूर."

"तुला ठाऊक होतं?" अमरदीप तिच्यावर उलटला. "आन् मला सांगितली न्हाईस?"

"सांगून काय करू? फोन झाला की मामा जेवायचे. न्हाई झाला की न्हाई जेवायचे."

मग घरात नेहमी व्हायचं तेच झालं. दुःखावरून मंडळी उठली आणि फायद्यावर जाऊन बसली. सुरुवात अमरदीपनं केली.

"म्हंजे एक समजलं," तो सावकाश म्हणाला. "गिऱ्हाईक आईच्या नावावर हाय. ती गेली हे ठाऊक न्हाई म्हणून टिकून हाय."

"मी तेच म्हणणार होतो," अण्णा म्हणाले. सकाळपासून पुतण्याचं एकही वाक्य त्यांना पटलं नव्हतं, आता दोघं एकाच चटईवर सरकले. "तो कालकथितचा मजकूर मी मागं घेतो. विषय भावनेचा हाय, पण व्यवहार बघावा लागतो."

"मग ए. एम. फूड्स नको. 'सुमनबाईची भाकरी'. तव्यापुढचा जुना फोटो हाय ना, हसत असलेला? तो वर घालू. खाली लिहू, 'सुमनबाई स्वतः थापतात'."

"स्वतः थापतात?" अंजू म्हणाली. "आई?"

"लिहायला काय जातंय? अप्पा तर रोज बोलायलेत."

"पप्पा, खोटं हाय हे," मैत्रेयी म्हणाली. "चौथं शील म्हणतो की आपण."

अण्णांनी मुख्याध्यापकाचा आवाज काढला. "खोटं बोलू नये असं हाय. फोटो लावू नये असं कुठं हाय?"

"आन् मी?" पंचशीलानं विचारलं.

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. तिनं हात पुढं केला होता. मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचे डाग, जुने काळे आणि नवे तांबडे. "आत्या थापतेत तर मी काय करायले आठ म्हैने? पाव्हणी हाय का मी?"

"तुझं नाव घालू की. व्यवस्थापकात."

"तिथं घालायचं न्हाई. ती भाकर मी थापली म्हणून लिहा, न्हाईतर काय बी लिहू नका."

अंजू उठली आणि भावजयीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींचं लग्नापासून पटत नव्हतं. कशावरून ते दोघींनाही आता आठवत नव्हतं, आणि या क्षणी आठवायची गरजही नव्हती.

मारोती बसूनच होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते साधं होतं. तो जे बोलत होता ते फोनवर, एका वेळी एका माणसाशी, आणि बोलताना सुमन खरंच गाडीत बसायची. खिडकीची जागा. पदर सावरून, मांडीवर पिशवी. तिकीट लागायचं नाही, कंडक्टरची बायको, पास होता. तो पास तिनं जितेपणी एकदाही वापरला नव्हता. दरवर्षी तो नवा करून आणायचा आणि ती डब्यात ठेवून द्यायची. आणि आता घरचे तिला गाडीतून उतरवून पुन्हा तव्यापुढं बसवायला निघाले होते, आणि तेही कायमचं, फोटोत, हसायला लावून.

त्यानं फोन काढला. शेवटचा नंबर पुन्हा लावला.

"अप्पा, काय करायलाव?" अमरदीप म्हणाला.

"बोलायलो."

गुरुबाईंनी लगेच उचलला. मागं भांड्यांचा आवाज होता. "काय राहिलं, कंडक्टरसाब?"

"सुमन अफजलपूरला न्हाई, गुरुबाई."

"मग?"

"कुठंच न्हाई. आठ म्हैने झाले. वारली ती. मी खोटं बोललो तुमच्याशी. चुकलं माझं."

भांड्यांचा आवाज थांबला.

"ठाऊक हाय मला," गुरुबाई म्हणाल्या.

"कोण सांगितलं? अक्कलकोट गाडीच्या कंडक्टरनं?"

"भाकरीनं सांगितलं. सुमनक्का दर चवडीवर एक एकविसावी भाकर ठिवायची. हातानं मोडलेली. विसात धरायची न्हाई. आठ म्हैन्यांखाली पार्सल सोडलं तर वरची भाकर न्हाई. सगळ्या अख्ख्या. म्हणलं एखाद्या वेळी इसरली असंल. दुसऱ्या आठवड्याला बी अख्ख्या. तवा समजलं. सुमनक्का आजारी असती तरी दुसऱ्याकडून मोडून घेतली असती. ती ऱ्हायलीच न्हाई, म्हणून वरची भाकर न्हाई."

पंचशीलानं मागं वळून सोप्यातल्या चवडींकडं बघितलं. एकावर एक, सारख्या, एकही कड तुटलेली नाही.

"मग दर ऐतवारी इचारायचात कामून, कुठाय म्हणून?" मारोती म्हणाला.

"तुम्ही नवं गाव सांगायचात की. अठरा वर्षांत तवा सोडून कुठं गेली ती? मी चारदा बोलावली अक्कलकोटला, तास दीड तासाचा रस्ता. न्हाई आली. आता दर आठवड्याला फिरायलीय म्हणलं तर मला बरं वाटायचं. कंडक्टरसाब, तुमच्या तोंडून तेवढी तर फिरली बाई."

मारोतीनं फोन कानाला लावला, स्पीकरवर असूनही.

मैत्रेयी पुढं सरकली. "गुरुबाई, मी पुतणी त्यांची. ती वरची भाकर मोडायच्या कामून, ते सांगायच्या का कधी?"

"सांगितली होती की पयल्याच साली. म्हणली, गिऱ्हाइकाला अख्खी भाकर मोडून बघायला जीव होत न्हाई. मोडली की घ्यावी लागती. म्हणून मीच मोडून ठिवते. ती खाऊन बघा. न्हाई आवडली तर वीस अख्ख्या माघारी धाडा. अठरा वर्षांत मी एकदा बी धाडली न्हाई. तिची बी न्हाई आन् आताची बी न्हाई. आता कोण थापतंय?"

"सून," मारोती म्हणाला. "पंचशीला."

"हात चांगला हाय पोरीचा. तीळ जरा जास्त टाकती. टाकू द्या."

फोन ठेवल्यावर मैत्रेयीनं कागदावरचा दुसरा प्रश्न खोडला. पहिल्या चौकोनात तिनं भाकरीची चवड काढली, वर एक मोडकी. चित्र फार चांगलं नव्हतं. खाली तिनं लिहिलं, 'वरची मोडलेली खाऊन बघा. आवडली नाही तर वीस अख्ख्या परत पाठवा.'

"पहिल्याच पानावर मोडकी भाकरी?" अण्णा म्हणाले. "लोक काय म्हणतील? तूटफूट माल?"

"आन् माघारी धाडा असं कोण लिहितं?" अमरदीप म्हणाला. "धाडल्या तर?"

अंजू कागदाशी वाकली होती. "आईचं नाव कुठं?"

"चित्राच्या खाली," मैत्रेयी म्हणाली. "मोडायची रीत कुणाची, थापायचा हात कुणाचा. दोन नावं. तिसरं न्हाई."

"प्रेरणास्थान?" अण्णांनी विचारलं.

"पप्पा, ते पत्रिकेत."

मग शेवटचा प्रश्न उरला. कागदाच्या तळाशी तिनं एक छोटा चौकोन काढला होता आणि त्यात फक्त फोनचं चित्र होतं. "नंबर कुणाचा घालायचा? जो घालाल त्यानं पहाटे पाचपासून उचलायचा."

एकवीस स्वागतोत्सुकांपैकी जे तीन-चार हजर होते ते इकडंतिकडं बघायला लागले. अमरदीपला दुकान होतं. अण्णांना कलबुर्गीची दुपारची गाडी होती. अंजू उमरग्याची, हे तिला सकाळीच सांगून झालं होतं.

"नंबर आईचाच ठिवा," मारोती म्हणाला. "गिऱ्हाइकाला पाठ हाय."

"उचलणार तुम्हीच ना, काका?"

मारोतीनं फोन हातात घेतला. आठ महिने तो खिशात होता, बटणांवरचे आकडे पुसून गेले होते. त्यानं तो पंचशीलापुढं धरला. तिनं हाताचं पीठ लुगड्याला पुसलं, तरी फोनला थोडं लागलंच.

मग ती सोप्यात गेली आणि एक चवड आणि वर एक जादा भाकरी घेऊन आली. "मामा, किती तुकडे करायच्या आत्या?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुबाईंना विचारायचं राहून गेलं होतं. मारोतीनं भाकरी घेतली, दोन्ही हातांत धरली आणि दाबली. तिचे पाच तुकडे झाले, एकही दुसऱ्यासारखा नाही. चार त्यानं चवडीवर ठेवले. पाचवा त्याच्या हातातच राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. पंचशीलानं सासऱ्याकडं बघितलं. तो हातातल्या तुकड्याकडं बघत होता, तेव्हा तिनं बटण दाबलं.

"सुमनबाई हायत का?" कुणीतरी बाप्यानं विचारलं.

"त्या वारल्या. आठ म्हैने झाले," ती म्हणाली. "मी सून त्यांची, पंचशीला. मीच थापते. किती चवडी लागतेत?"

मारोतीचा हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. हातातला तुकडा त्यानं तोंडात टाकला आणि चावत राहिला. तीळ खरंच जास्त होते.